अर्ज मंजूर झाला नाही

नवं राज्य झालं त्या वर्षी मी बावन्न वर्षांचा होतो आणि भोपाळच्या सचिवालयात सहायक होतो. एका दुपारी यादी लागली. ज्यांच्या नावापुढे रायपूर लिहिलं होतं त्यांनी नव्या राजधानीत जायचं होतं. माझं नाव दुसऱ्या पानावर होतं. मी ते तीनदा वाचलं.

घरी मंदाकिनीने विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"आठ वर्षं. रिटायर होईपर्यंत."

ती शाळेत भूगोल शिकवायची. तीन शाळा बदलल्यावर तिला मनासारखी शाळा मिळाली होती. ती सोडून ये म्हणायची माझी छाती नव्हती, आणि तीही येते म्हणाली नाही. आम्हाला मूलबाळ नाही. दोन माणसांचं एक घर होतं, त्याची एकेका माणसाची दोन घरं झाली.

रायपूरला मी तात्यापारा या मराठी वस्तीत गोदावरीबाईंच्या वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरत होतं. आमच्या अनुभागाच्या भिंतीवर नव्या चुन्याखालून 'स्त्री वार्ड' ही अक्षरं अजून दिसायची. भोपाळहून ट्रकांतून आलेल्या फायली खाटांच्या जागी थप्प्या लावून ठेवलेल्या होत्या. आम्ही भोपाळहून आलेले लोक जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसायचो आणि भोपाळबद्दल बोलायचो. मी फारसा बोलत नसे. मला चारचौघांत बोलता येत नाही. तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो.

संध्याकाळी मी मराठी वाचनालयात जायचो. रविवारी सकाळी दहा वाजता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मंदाला फोन. आठवड्यात एकदा तिचं पत्र. त्यात ती मुलांच्या पेपरांतली उत्तरं लिहून पाठवायची. एका मुलाने लिहिलं होतं, 'नर्मदा नदी अमरकंटकला उगवते आणि संध्याकाळी मावळते.' भोपाळला ती पेपर तपासताना असं काही सापडलं की मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी पुस्तकातून मान वर न करता हसायचो. रायपूरला पत्र वाचताना मी मान वर करायचो. समोर कुणी नसायचं. माणसाला नेमकं काय आठवेल हे सांगता येत नाही. मला तिचं लाल पेन टोपण न लावता ठेवणं आठवायचं, ज्यावरून मी वीस वर्षं कुरकुर केली होती.

परत जायचा एकच रस्ता होता. दोन्ही राज्यांत एकाच पदावरचे दोघे राजी असले, तर त्यांची आपसांत अदलाबदल होऊ शकत होती. म्हणजे भोपाळला असा एखादा सहायक शोधायचा, ज्याला रायपूरला यायचं आहे. बहुतेक जण ओळखीपाळखीतून शोधायचे. माझी ओळख पुस्तकांशी. मी वरिष्ठता सूचीची एक प्रत मिळवली आणि रोज रात्री जेवणाआधी ती कादंबरीसारखी वाचू लागलो. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि गृह जिल्हा असतो. ज्यांच्यापुढे रायपूर, दुर्ग किंवा राजनांदगाव होतं अशी एक्केचाळीस नावं निघाली. मी एक्केचाळीस पोस्टकार्डं लिहिली.

दोन वर्षं उत्तर नाही. मग २००३ च्या उन्हाळ्यात एक आलं. गुलाबराव नावाचे गृहस्थ होते, रायपूरच्याच गुढियारी भागात वाढलेले. त्यांचे वडील तिथेच एकटे राहत होते आणि आता त्यांना उठता-बसता येत नव्हतं. पत्रासोबत त्यांनी सहमतीपत्रच सही करून पाठवलं होतं. माझं नाव लिहायची जागा मात्र त्यांनी कोरी सोडली होती. माझं पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या खोलीतली तुमची खुर्ची मी शेजारी देऊन टाकली होती. परत मागून आणते."

मी अर्ज लिहिला, तारीख तेवढी घालायची ठेवली.

त्याच आठवड्यात सरलाबाईंचं ते प्रकरण झालं.

सरलाबाई आमच्याच अनुभागात होत्या, माझ्याच पदावर. नवरा वारलेला. क्षमा नावाची आठ वर्षांची मुलगी भोपाळला आजीकडे. क्षमाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिथल्या एका बाईंनी चार वर्षं खपून तिला ओठ वाचायला आणि थोडं बोलायला शिकवलं होतं. त्या बाईंखेरीज दुसऱ्या कुणापुढे ती तोंड उघडत नसे, म्हणून सरलाबाईंनी तिला रायपूरला आणलं नव्हतं. भोपाळला परत जाण्यासाठी त्यांनी चार अर्ज केले होते. उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

दुपारी मी एक जुनी फाईल शोधायला मागच्या खोलीत गेलो तर त्या थप्प्या लावत होत्या. २००१ च्या फायली १९९८ च्या खाली ठेवत होत्या. त्यांच्या हातून अशी चूक कधी होत नसे.

"सरलाबाई, उलटं लागतंय," मी म्हटलं.

"हो का." त्या तशाच लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "अनंतदादा, आई काल क्षमाला बसवरून आणायला विसरली. पोरगी तीन तास रस्त्याच्या कडेला उभी होती. मागून ट्रक आला तरी हिला कळत नाही. दुधवाल्याने ओळखून घरी सोडली. आईला विचारलं तर म्हणते, कोण क्षमा?"

मी म्हणालो, "पाणी आणू का?" त्या नको म्हणाल्या. मी फाईल न घेताच परत आलो.

पुढचे दोन दिवस मी अर्जावर तारीख घातली नाही. मला सांगायचं आहे की मी विचार करत होतो, पण ते खरं नाही. मी विचार टाळत होतो. वाचनालयात जाऊन एकच पान उघडं ठेवून बसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी उठलो आणि बूथवरून गुलाबरावांना भोपाळला फोन लावला.

"बोला जी, अनंतराव! कधी निंघू? बाबूजी रोज विचारून राहिले."

मला येता येणार नाही एवढंच मी त्यांना सांगितलं. माझ्या जागी दुसरं नाव घातलं तर चालेल का, असं विचारलं.

"मले काय जी? मले माह्या बापाजवळ यायचं हाय. कोणाच्याबी खुर्चीवर येतो." मग ते हसले. "पण तुमी एवढी एक्केचाळीस कार्डं लिवली, मी समद्यांचं ऐकलं ना इकडे, हापिसात हसू होऊन राहिलं होतं. आन आता नाही म्हनता? काहून? बायको नकोशी झाली का काय?"

"नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं. मला मात्र ते लागलं, कारण त्याचं उत्तर मला ठामपणे देता येईना. तीन वर्षांत मला एकटं राहायची सवय झाली होती. खोली, पुस्तकं, कुणाशी बोलायचं बंधन नाही. सरलाबाईंचं नाव पुढे करून मीच तर पळत नव्हतो? आजही मला याची पूर्ण खात्री नाही. पण फोन ठेवला आणि सहमतीपत्रातल्या कोऱ्या जागेत मी सरलाबाईंचं नाव लिहिलं.

सरलाबाईंना कागद दिला तेव्हा त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि पुन्हा वाचला.

"पण हा माणूस तुम्ही शोधला होता ना? सगळ्यांना माहीत आहे."

"माझं काही खरं नाही," मी म्हटलं. "मंदाचाच विचार चालला आहे इकडे यायचा."

हे मी कुठून काढलं मला माहीत नाही.

महिनाभरात आदेश निघाला. त्या वेळी आमच्यात एक रीत होती. शुक्रवारी संध्याकाळी भोपाळच्या गाडीने जो जाईल त्याच्याकडे बाकीचे आपापल्या घरी द्यायच्या पिशव्या सोपवायचे. कुणाची औषधं, कुणाच्या मुलाचा स्वेटर, कुणाचे चिरोट्यांचे डबे. सरलाबाई निघाल्या तेव्हा त्यांच्याभोवती बारा-तेरा पिशव्या होत्या. मी काहीच दिलं नाही. त्यांनी आमच्या घरी जाऊ नये, म्हणून दिलं नाही.

गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात जोडले. मला तिकडे बघवेना. मी फलाटावरच्या वजनकाट्याकडे बघत उभा राहिलो.

स्टेशनवरून चालतच आलो. वाटेत मला जाणवलं की मी भराभर चालतो आहे आणि अंगात काहीतरी मोकळं झालं आहे. याला सुख म्हणतात का, असा विचार मनात आला आणि मी लाजलो. पण ते होतं. कधी नव्हे ते मी कोपऱ्यावर उभं राहून गरम भजी खाल्ली. उद्या क्षमा बसमधून उतरेल तेव्हा तिची आई तिथे असेल, एवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं. क्षमाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ती उतरताना दिसत होती.

गोदावरीबाई दारात भाजी निवडत होत्या. "काय जी, आज भलते खुशीत दिसून राहिले! भोपाळचं जमलं वाटतं?"

"नाही. नाही जमलं."

"आन मंग हसून काहून राहिले? डोक्यावर उन्हाचा परिणाम होऊन राहिला तुमच्या. ताक पाठवते."

वर गेलो. आता हे मंदाला सांगायचं होतं. मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी संत दिसत होतो, तो फाडला. दुसऱ्यात मूर्ख दिसत होतो. तिसऱ्यात तिची क्षमा मागितली होती, पण ती क्षमा मागतानाही मी स्वतःचं कौतुकच करतो आहे असं वाटलं. चौथ्यात एकच ओळ लिहिली: 'अर्ज मंजूर झाला नाही.'

जो अर्ज मी दिलाच नव्हता तो मंजूर होणार कसा? म्हणजे वाक्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं सरकारी मसुदे लिहिल्यावर हात असं लिहायला शिकतो. सहीसकट ते पाकिटात घातलं.

चार दिवस तो मोकळेपणा टिकला. पाचव्या दिवशी भोपाळ पहिल्यापेक्षा जास्त आठवू लागलं. मधल्या काळात अदलाबदलीची मुदत संपली आणि रस्ता बंद झाला. मंदा फोनवर म्हणाली, "जाऊ द्या. तब्येतीला जपा." तिचा तो समजूतदार आवाज ऐकून मी घाईने फोन ठेवला. गुलाबराव माझ्या शेजारच्या टेबलावर आले. रोज डबा उघडताना म्हणायचे, "बाबूजींनी आज दोन घास जास्त खाल्ले जी." मला ते ऐकून बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं चोरून ठेवलेल्या वस्तूसारखं होतं. घरच्या माणसाला दाखवता येत नाही अशा वस्तूचं काय करतात?

अशी पाच वर्षं गेली. दिवाळीला आणि उन्हाळ्यात मी भोपाळला जायचो. दर वेळी जाताना ठरवायचो की आता सांगू. घरी कधी खुर्चीखाली रंगीत खडू पडलेले दिसत, कधी मोरीत छोटा टॉवेल. शेजारच्या मुलाचे असतील असं मी धरून चाललो. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

एप्रिल २००८ मध्ये मी रिटायर झालो. आवराआवर करायला मंदा रायपूरला आली. खोलीभर पुस्तकं पसरली होती. गोदावरीबाई जिन्यात उभ्या राहून तिला सांगत होत्या, "घेऊन जा बाई याइले. आठ वर्षांत एक दिवस आवाज नाही केला या मानसाने. मले तर वाटे वर कोनी राहतच नाही."

"घरी पण असंच असतं," मंदा म्हणाली. दोघी हसल्या.

दुपारी माझा मोबाईल वाजला. माझे हात धुळीने भरलेले होते, म्हणून मंदाने उचलला. मी आतून विचारलं, "कुणाचा आहे?"

ती मला उत्तर न देता फोनवर बोलू लागली. "हां, बोल सरला. हो, पोचले व्यवस्थित. क्षमाचा पेपर कसा गेला? नकाशा भरला का तिने? अगं, ती महानदी मी तिला चारदा काढून दाखवली होती." मग ती हसली. "या गुरुवारी नाही जमायचं, तिला सांग. पुढच्या गुरुवारी दोघंही असू. देते त्यांना."

तिने फोन माझ्यापुढे धरला. सरलाबाई अभिनंदन करत होत्या. मी हो, हो म्हणत राहिलो. काय हो म्हटलं मला आठवत नाही.

फोन बंद झाला. मंदा पुस्तकांवरची धूळ फडक्याने झटकत होती.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

"ती भोपाळला आल्यावर दुसऱ्याच रविवारी घरी आली. पेढे घेऊन. म्हणाली, वहिनी, तुम्ही दोघांनी माझ्यासाठी जे केलं ते. मी म्हटलं, दोघांनी?" फडकं थांबलं नाही. "मग मला सगळं तिच्याकडून कळलं. मी रायपूरला येणार आहे असंही कळलं."

"मंदा…"

"ती गेल्यावर तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. अर्ज मंजूर झाला नाही. वा! मुलांना दिलं असतं तर दहापैकी दहा द्यावे लागले असते."

"मला सांगायचं होतं."

"मला माहीत आहे. म्हणून तर थांबले. दर दिवाळीला वाटायचं, आता बोलतील. तुम्ही दोन वेळा घसा खाकरलात, ते पण मला आठवतं." तिने एक पुस्तक उगाच उघडून मिटलं. "पहिलं वर्ष वाईट गेलं. मला वाटलं, तुम्हाला यायचंच नव्हतं. सरलाचं निमित्त मिळालं."

गुलाबरावांनी गमतीत विचारलं होतं, तेच. त्यांना मी नाही हो म्हटलं होतं. तिला तेवढंही म्हणवेना.

"तसं होतं का?" तिने विचारलं.

"थोडं असेल," मी म्हटलं. "मला नक्की कळत नाही. पण रोज तुझी आठवण यायची. हे नक्की."

ती खाली गठ्ठ्यावर बसली. म्हणाली, "त्या दिवशी कसं वाटलं होतं? ती गाडीत बसली त्या दिवशी?"

मी तिला चालत आल्याचं सांगितलं. भज्यांचंही सांगितलं. शेवटी बसमधून उतरणाऱ्या मुलीचं.

"एवढं सुख झालं होतं," ती म्हणाली. "आणि ते एकट्याने घेतलंत. मला विचारलं असतंत तर मीही द्या म्हटलं असतं. रडले असते, दोन दिवस बोलले नसते, पण द्या म्हटलं असतं. माझंही काहीतरी जात होतं ना त्यात? मग द्यायची पाळी माझीही होती. ती तुम्ही मला दिली नाहीत."

पाच वर्षं मी तिच्याकडून काय काढून घेतलं याचा हिशोब मनाशी केला होता, त्यात हे कधी आलंच नव्हतं.

"मग मीच घेतली," ती पुढे म्हणाली. "सरलाला म्हटलं, गुरुवारी माझी शाळा लवकर सुटते, क्षमाला मी बसवरून आणत जाईन. पहिले सहा महिने पोरगी माझ्याशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून चित्रं काढायची. मग एक दिवस नकाशावर बोट ठेवून मला विचारलं, काका इथे? आवाज कसा आहे माहीत आहे तिचा? दार घासत उघडतं ना, तसा. मी म्हटलं, हो, तिथे."

खालून गोदावरीबाईंनी चहा झाल्याची हाक दिली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"तू सुखी होतीस का मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं लगेच वाटलं.

"गुरुवारी होते," ती म्हणाली. "बाकीचे दिवस तुमची वाट बघत होते."

मी पुस्तकांच्या गठ्ठ्याभोवती सुतळी गुंडाळू लागलो. गाठ मारत होतो, ती दर वेळी सैल पडत होती. मंदा थोडा वेळ बघत राहिली. मग उठून आली आणि तिने सुतळीवर बोट दाबून धरलं.

"आता मारा," ती म्हणाली.